देहातील अवायुजीवी सहचर

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी आतड्यातील जीवाणूंवर बोलायचे, हा काहींना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला. हे ग्रंथालय ज्या काळात वाढले, त्याच काळात जंतूंकडे पाहण्याची माणसाची दृष्टी मुळापासून बदलली. बेळगावकरांना टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो परिचित आहे. देवीची लस तेथे तयार होत असे, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. प्लेग, पटकी आणि देवी यांनी घरेच्या घरे ओस पडलेली ज्या पिढीने पाहिली, तिने ‘जंतू म्हणजे शत्रू’ हा धडा गिरवला आणि तो योग्यच होता. त्या धड्याच्या बळावरच १९८० साली देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा होऊ शकली. परंतु त्या धड्याचा दुसरा अर्धा भाग आपण अद्याप नीट वाचलेला नाही. आपल्या पोटात अब्जावधी जीवाणू सुखाने नांदत असतात आणि त्यांच्यावाचून आपले आरोग्य नीट चालत नाही, हा तो भाग होय. यांपैकी बहुसंख्य जीवाणूंना प्राणवायू सोसत नाही. म्हणून त्यांना अवायुजीवी म्हणतात. आजचे विवेचन त्यांच्याविषयी आहे.

हवेवाचून जीवन असू शकते, ही कल्पना प्रथम लुई पाश्चर यांनी १८६१ साली मांडली. ब्युटिरिक आम्ल निर्माण करणाऱ्या किण्वनाचा ते अभ्यास करीत होते. काचेखालील थेंब सूक्ष्मदर्शकातून पाहताना त्यांना दिसले की थेंबाच्या मध्यभागी असलेले जीवाणू चपळपणे हालचाल करीत आहेत, आणि कडेला, जेथे हवेचा स्पर्श होतो तेथे, ते निपचित पडत आहेत. जी हवा आपल्याला जीवन देते, तीच त्यांचा घात करीत होती. हे ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याला उग्र वास देणारा पदार्थ. त्याचे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

१९०० सालच्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी अंगावर दूध पिणाऱ्या अर्भकांच्या मलातून दोन फांद्या फुटल्यासारखे दिसणारे अवायुजीवी जीवाणू वेगळे केले. आज त्यांना बायफिडोबॅक्टेरियम म्हणतात. त्याच संस्थेतील एली मेच्निकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात या शोधाबद्दल. मात्र मोठ्या आतड्यातील कुजण्याच्या क्रियेमुळे शरीरात विष भिनते आणि वार्धक्य लवकर येते, असे त्यांचे मत होते. त्यावर त्यांनी आंबवलेल्या दुधाचा उपाय सुचवला. ताक-दह्याची थोरवी आपल्याकडे कोणी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. पण या मताचा अतिरेक होऊन इंग्लंडमधील काही शल्यविशारदांनी बद्धकोष्ठाच्या रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढण्यास आरंभ केला. अपुरे ज्ञान आत्मविश्वासाने वापरले की काय घडते, याचा हा एक दाखला होय.

या जीवाणूंचे ज्ञान इतके दिवस अपुरे का राहिले, याला साधे कारण आहे. जे हवेत मरतात, ते प्रयोगशाळेत वाढवावयाचे कसे? अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी गुराच्या पोटातील जीवाणूंचा अभ्यास करताना, १९५०च्या सुमारास, हवा पूर्णपणे वगळून नळीत जीवाणू वाढवण्याची पद्धत बसवली. तेथून या शास्त्राला खरी गती मिळाली. पुढे जीवाणू न वाढवताही त्यांच्या जनुकीय खुणांवरून त्यांची ओळख पटवणे शक्य झाले आणि एक अज्ञात सृष्टी खुली झाली.

या सृष्टीचा व्याप केवढा आहे? माणसाच्या पेशींच्या दसपट जीवाणू त्याच्या शरीरात असतात, असे अनेक वर्षे पुस्तकांतून छापले जात असे. २०१६ साली काळजीपूर्वक केलेल्या गणितानुसार प्रौढ माणसाच्या पेशी सुमारे तीस लाख कोटी आणि जीवाणू सुमारे अडतीस लाख कोटी असतात. म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्या सर्वांचे वजन मात्र दोनशे ग्रॅमच्या आसपास. त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यात राहतात. तेथील एक ग्रॅम ऐवजात सुमारे दहा हजार कोटी जीवाणू आढळतात, आणि हवेत जगू शकणाऱ्या जीवाणूंपेक्षा अवायुजीवींची संख्या शेकडो पटींनी अधिक असते.

ही रचना कशी चालते हे समजून घेण्यास आपल्या खेड्यांतील गोबरगॅसचे संयंत्र पुरेसे आहे. बंद टाकीत शेणाचा काला सोडला की हवा नसलेल्या त्या जागेत जीवाणू त्याचे विघटन करतात आणि चुलीला वायू मिळतो. टाकीत हवा शिरली की काम बिघडते. आपले मोठे आतडे हीदेखील अशीच एक बंद जागा होय. लहान आतड्यात भात-भाकरीतील पिष्ट, डाळीतील प्रथिने आणि तेला-तुपातील स्निग्धांश पचून रक्तात जातात. उरतो तो चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, कडधान्याची साल आणि भाजीतील तंतू. ते पचवण्याची पाचकद्रव्ये माणसाच्या शरीरात नाहीत. ती या जीवाणूंकडे आहेत. ते चोथ्याचे किण्वन करून तीन लहान आम्ले तयार करतात : ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि मघाशी उल्लेख केलेले ब्युटिरिक.

मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या गरजेपैकी सुमारे सत्तर टक्के ऊर्जा या ब्युटिरिक आम्लापासून मिळवतात. शरीराच्या अन्य अनेक पेशी रक्तातील साखरेवर जगतात. या पेशी मात्र प्रामुख्याने जीवाणूंच्या हातचे खातात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. हे आम्ल जाळताना त्या पेशी रक्तातून आलेला प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो झिरपत नाही. अशा रीतीने जीवाणू पेशींना अन्न पुरवतात आणि पेशी जीवाणूंसाठी हवा अडवून धरतात. हा व्यवहार बिघडला, ब्युटिरिक आम्ल कमी पडले, की आतड्यात प्राणवायू पाझरू लागतो. मग अवायुजीवी मागे हटतात आणि हवेचा फायदा घेणारे, जुलाब घडवणारे जंतू तेथे माजतात. याशिवाय काही जीवनसत्त्वे तयार करणे, रोगप्रतिकारक पेशींना आपले-परके ओळखण्याचे वळण लावणे आणि घातक जंतूंना जागा न देणे, हीही या सहचरांची कामे आहेत.

हे सहचर आपल्याला लाभतात ते जन्मापासून. नवजात बाळाच्या आतड्यात आरंभी थोडा प्राणवायू असतो. पहिले रहिवासी तो संपवतात आणि मग अवायुजीवींचा प्रवेश होतो. आईच्या दुधात काही जटिल शर्करा मोठ्या प्रमाणात असतात, आणि बाळाला त्या मुळीच पचत नाहीत. मग निसर्गाने त्या दुधात घातल्या कशासाठी? तर बायफिडोबॅक्टेरियमसाठी. आई एकाच वेळी बाळालाही जेवू घालते आणि त्याच्या पोटातील रक्षकांनाही. पहिले चिकाचे दूध टाकून देऊन मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची रीत काही घरांत होती, आणि कोठे कोठे आजही आहे. ती सोडून द्यावी, हे डॉक्टर का सांगतात त्याचे एक कारण यात आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांना पोषक आहार दिल्यास बाळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी चार देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे भारतातील केंद्र बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय हे होते. त्या अभ्यासाचा भाग म्हणून भारतातील शंभर आणि आफ्रिकेतील काँगोच्या एकशे सतरा ग्रामीण स्त्रियांच्या आतड्यांतील जीवाणूंची तुलना करण्यात आली, आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिचे निष्कर्ष मनोरंजक आहेत. चोथ्यावर जगणारा प्रिव्होटेला नावाचा अवायुजीवी दोन्हीकडे विपुल होता. परंतु बायफिडोबॅक्टेरियमचे प्रमाण आपल्याकडे सुमारे पाच टक्के, तर काँगोत अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरले. लॅक्टोबॅसिलस आणि ब्युटिरिक आम्ल तयार करणारा फिकॅलिबॅक्टेरियम हेही आपल्याकडे अधिक होते. उलट जीवाणूंची एकूण विविधता काँगोतील स्त्रियांत जास्त आढळली. शिक्षण किंवा पाण्याचा स्रोत यांचा ठळक परिणाम दिसला नाही. काही जीवाणूंचा संबंध आहारातील घटकांशी मात्र जुळला.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. २०१६ साली त्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंची इतर देशांतील लोकांशी तुलना प्रसिद्ध केली. तीत प्रिव्होटेला आणि मेगास्फिरा हे दोन अवायुजीवी भारतीयांत विशेष प्रमाणात आढळले. मेगास्फिरा प्रत्यक्ष वाढवून त्याच्या जनुकसंचाचा अभ्यास करण्याचे काम २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्यात पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. दिलीप रानडे यांचा सहभाग होता. पाश्चात्त्य नगरवासीयांच्या आतड्यात सामान्यतः बॅक्टेरॉइड्स या जीवाणूचे प्राबल्य असते. म्हणजे परदेशात लागू पडलेले निष्कर्ष आपल्या पोटाला जसेच्या तसे लागू पडतील असे नाही. आपल्या मातीतील संशोधनाचे महत्त्व येथे आहे.

चिकोडी-निपाणीकडची ज्वारी, खानापूरकडचा भात आणि नाचणी, हुलगे, मसूर, शेंगदाणा, मेथी, कांदा-लसूण हा आपला परंपरागत आहार या जीवाणूंच्या दृष्टीने पंक्तीचे जेवणच आहे. भाकरी म्हणा की रोट्टी म्हणा, तिच्यातील चोथ्यावर पोसला जाणारा जीवाणू एकच. कांद्या-लसणीत फ्रुक्टान नावाच्या शर्करा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत, त्यांना पचतात. भात किंवा भाकरी थंड झाली की तिच्यातील काही पिष्ट पुन्हा घट्ट रचना धारण करते आणि लहान आतड्यात न पचता पुढे जाते. शिळी भाकरी आणि ताक ही गरिबाची न्याहारी या नजरेने पाहिली, तर तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र शिजवलेला भात उघड्यावर फार काळ ठेवू नये, हेही लगोलग सांगितले पाहिजे.

हा आहार बदलला की काय होते? आग्नेय आशियातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ह्माँग व कारेन समाजांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्थलांतरानंतर थोड्याच काळात त्यांच्या आतड्यातील विविधता घटू लागली, प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्सने घेतली, आणि पुढच्या पिढीत ही घट आणखी वाढली. उंदरांवरील २०१६ सालच्या एका प्रयोगात चोथाविरहित आहार पिढ्यान्‌पिढ्या दिला असता काही जीवाणू कायमचे नाहीसे झाले. नंतर चोथा देऊनही ते परतले नाहीत. माणसाच्या बाबतीत तंतोतंत असेच होते असे म्हणता येणार नाही. पण मैदा, बिस्किटे आणि पुड्यांतील खाऊ यांनी आपल्या मुलांच्या ताटातील ज्वारी-कडधान्याची जागा घेतली आहे, ती कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

येथवर मी या जीवाणूंची स्तुतीच केली. आता दुसरी बाजू. आंत्रपुच्छ फुटले किंवा अपघातात आतडे फाटले, की हेच जीवाणू उदरपोकळीत सांडतात आणि दुर्गंधीयुक्त पू होऊन गळू धरतात. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा आतड्यात अगदी अल्प संख्येने असतो, पण पोटातील गळवात तो वारंवार सापडतो, कारण त्याच्याभोवतीचे कवच त्याला शरीराच्या पहारेकऱ्यांपासून वाचवते. धनुर्वाताचा जंतूही अवायुजीवीच. जनावरांच्या शेणातून आणि मातीतून त्याची बीजे पसरतात आणि खोल जखमेत, जेथे हवा पोहोचत नाही, तेथे ती रुजतात. बाळाच्या नाळेला शेण वा माती लावण्याच्या प्रथेने पूर्वी किती अर्भके दगावली याची गणती नाही. लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ साली नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

निपाणीच्या परिसरात तंबाखूचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. तोंड हे पचनमार्गाचे महाद्वार. हिरड्यांच्या खोबणीतही अवायुजीवी राहतात, आणि तंबाखू व मिश्रीने हिरड्यांची जी हानी होते तिच्यात त्यांचे फावते. तोंडातील फ्युझोबॅक्टेरियम नावाचा अवायुजीवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये जास्त प्रमाणात आढळतो, असे २०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. तो कर्करोगाचे एकमेव कारण आहे असा याचा अर्थ नाही. तथापि, तोंडाची निगा ही केवळ दातांपुरती बाब नाही, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

सारांश, मित्र आणि शत्रू ही विशेषणे जीवाणूला जन्मतः चिकटलेली नसतात. तो कोठे आहे आणि त्याच्या सोबतीला कोण आहे, यावर ती ठरतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जीवाणूचे आहे. १९३५ साली तो निरोगी अर्भकांच्या मलात सापडला. वाढवण्यास अवघड म्हणून त्याचे नाव ‘डिफिसिल’. पुढे चार दशके त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७८ साली सिद्ध झाले की प्रतिजैविके घेतल्यानंतर काही रोग्यांना जो प्राणघातक आंत्रदाह होतो, त्याचे कारण हाच जीवाणू होय. औषधाने इतर सहचर मेले, रान मोकळे झाले आणि एरवी कोपऱ्यात पडून असणारा हा रहिवासी मालक बनला.

यावरचा उपाय ऐकून कदाचित किळस येईल, पण तो ऐकण्याजोगा आहे. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हर येथील शल्यविशारद बेन आइझमन यांनी अशा चार अत्यवस्थ रोग्यांना निरोगी माणसाच्या मलाचा बस्ती दिला आणि ते बरे झाले. २०१३ साली नेदरलँड्समध्ये याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचे व्हॅन्कोमायसिन दिलेल्या तेरांपैकी चार रोगी बरे झाले. मलरोपण केलेल्या सोळांपैकी तेरा पहिल्याच खेपेस आणि आणखी दोघे दुसऱ्या खेपेस बरे झाले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवण्यात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ आणि २०२३ साली अशा जीवाणूंपासून बनवलेल्या दोन औषधांना मान्यता दिली. मात्र हा उपाय घरगुती नव्हे. २०१९ साली रोपणातून आलेल्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचे त्याच प्रशासनाने जाहीर केले होते.

या विवेचनाचा आपल्या दैनंदिन व्यवहाराशी संबंध आहे, तो असा. ताप आला, घसा धरला, जुलाब झाले, की चिठ्ठीवाचून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणाव्यात, दोन घ्याव्यात, बरे वाटले की उरलेल्या शेजाऱ्याला द्याव्यात, ही सवय आपल्या गावागावांत रुजली आहे. काही प्रतिजैविकांची विक्री चिठ्ठीवरच व्हावी आणि तिची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवावी, असा ‘अनुसूची एच-१’चा नियम १ मार्च २०१४पासून देशभर लागू आहे. पण नियम कागदावर राहतो तो आपल्यामुळे. मेट्रोनिडेझोल हे औषध हवा नसलेल्या ठिकाणीच जागृत होऊन अवायुजीवींना मारते. फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या रोग्याला ते अमृतासमान आहे. साध्या जुलाबात, कारण न पाहता घेतलेली तीच गोळी आपल्या रक्षकांवर उगारलेली तलवार ठरू शकते. बहुतेक साध्या जुलाबांत रोग्याला हवे असते ते मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी, लहान मुलांना त्याच्या जोडीला जस्ताची गोळी, आणि धीर. शौचात रक्त पडले, जोराचा ताप चढला किंवा मूल मलूल झाले, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडे गेले पाहिजे. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेले प्रतिजैविक टाळावे, असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणीही काढू नये. पहिल्या धड्याचे विस्मरण होता कामा नये.

तसेच आणखी एका मोहापासून सावध राहावे. ‘उपकारक जीवाणूं’च्या नावाखाली महागड्या पुड्या आणि बाटल्या बाजारात आल्या आहेत, आणि स्थूलतेपासून औदासीन्यापर्यंत सर्व विकारांवर त्या गुणकारी असल्याच्या जाहिराती होत आहेत. एखाद्या रोगात एखादा जीवाणू कमी आढळला, तर तो रोगाचे कारण की परिणाम, हे ठरवणे अतिशय कठीण असते. क्रोन या आंत्रविकारात फिकॅलिबॅक्टेरियम घटलेला आढळतो, हे २००८ सालापासून माहीत आहे, पण तो बाटलीत भरून रोग बरा करणे अजून साधलेले नाही. ताकातील जीवाणूदेखील बहुतांशी पाहुणे असतात. ते येतात, थोडे काम करतात आणि निघून जातात. घरचे रहिवासी टिकवावयाचे तर त्यांना रोज जेवू घालणे, हाच खात्रीचा मार्ग.

आपल्या प्राचीन वैद्यकात चरकाने कृमींचे वीस प्रकार सांगताना ‘सहज’ कृमी त्यांतून वेगळे ठेवले आहेत. त्यावरून आजचे जीवाणुशास्त्र पूर्वजांना ठाऊक होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण शरीरात वस्ती करणारा प्रत्येक जीव शत्रूच नसतो, या विचाराला आपल्याकडे जागा होती, एवढे नम्रपणे म्हणता येईल.

श्रोतेहो, ताटात ज्वारी-नाचणी, कडधान्य आणि भाजी यांची विविधता राखणे, बाळाला पहिल्या तासापासून आईचे दूध देणे, आणि प्रतिजैविक केवळ चिठ्ठीनेच व सांगितले तितके दिवसच घेणे, या तीन गोष्टींना फारसा खर्च नाही. त्यांनी सर्व रोग टळतील असे आश्वासन मी देणार नाही. पण पुढच्या पिढीच्या हाती आपण घर-शेत देतो, भाषा देतो, हे ग्रंथालय देतो, तसेच आईकडून लेकराकडे जाणारे हे सूक्ष्म सहचरही देत असतो. ते शक्य तितके अभंग पोहोचते करणे आपल्याच हाती आहे.